मिस ओझेलांच्या निळ्या डब्यातली अंगठी

मिस ओझेला टब्ज चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायच्या आणि खोटं बोलायच्या ते फक्त दोन बाबतींत: स्वतःचं वजन आणि दुसऱ्यांची लग्नं. वजनाचं सोडून द्या. लग्नांसाठी त्यांच्याकडे एक डबा होता. लोणी-बिस्किटांचा तो गोल निळा डबा. आमच्या वस्तीत तो प्रत्येक घरात असतो, त्यात बिस्किटं कुठल्याच घरात नसतात, सुया-दोरे असतात. मिस ओझेलांच्या डब्यात अंगठ्या होत्या. चौदा. सगळ्या पिवळ्या, सगळ्या खोट्या, वेगवेगळ्या मापांच्या. वस्तीतल्या ज्या पोरीचे दिवस भरत आलेत आणि जिच्या बोटात काही नाही, तिला त्यातली एक मिळायची. बाळंतपण झालं की परत करायची.

"हे कशाला, मिस ओझेला?" पोरी विचारायच्या. "आमचं ठरलंय. उन्हाळ्यात करणार आहोत लग्न."

"कर ना. मी हॅटसुद्धा घेऊन ठेवलीय. पण हॉस्पिटलवाल्यांना उन्हाळ्यापर्यंत थांबायला सवड नसते बाळा. तू कोण, हे त्यांना दारातच ठरवून टाकायचं असतं."

अंगठीबरोबर एक लाल स्वेटशर्टही मिळायचा. त्याच्यावर मॅडिसनच्या विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरांत. विद्यापीठात कुणी गेलेलं नसलं तरी चालायचं; स्वेटशर्ट गेलेला होता. घरात केसांवर घालतात ती बोनेट टोपी घालून जायचं नाही, केस बांधून जायचं. लिपस्टिक लावायची, पण गडद नको. आणि कोणीही काहीही म्हणालं तरी आवाज चढवायचा नाही.

मी त्यांना ओळखते ती त्यांच्या बसमुळे. मिलवॉकीच्या उत्तर भागातल्या शाळेची पिवळी बस त्यांनी सत्तावीस वर्षं चालवली. बर्फ असो, पाऊस असो, मागच्या सीटवर मारामारी असो, त्यांनी मान कधी वळवली नाही. आवाज मात्र मागच्या काचेवर आपटून परत यायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी बस परत दिली, पण बसमधली हातात धरायची 'थांबा'ची लाल पाटी घरी आणली. का आणली म्हणून कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्यालाच ती दाखवली गेली असती.

आता आमच्या शहराबद्दल एक गोष्ट, जी सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणून कुणी बोलत नाही. पहिला वाढदिवस न बघता जाणारी बाळं आम्हा काळ्यांच्या घरांत गोऱ्यांच्या घरांपेक्षा दुपटीहून जास्त. नदी तीच, तलाव तोच, नळाचं पाणी तेच. शहराच्या आरोग्यखात्याला ही गोष्ट दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं कळते. कळली की खात्याला फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की खातं उपक्रम काढतं.

त्या वर्षीच्या उपक्रमाचं नाव होतं 'समन्यायी निरोगी आरंभ भागीदारी, टप्पा दोन'. टप्पा एक कुठे गेला हे कुणी सांगितलं नाही. वस्तीतल्याच जाणत्या बायकांना 'जन्मसखी' म्हणून नेमायचं, त्यांनी गरोदर बायकांच्या घरी जायचं, हॉस्पिटलात सोबत बसायचं, असं ठरलं. म्हणजे मिस ओझेला गेली चार वर्षं फुकट करत होत्या तेच, फक्त आता गळ्यात ओळखपत्र घालून आणि सहा पानी फॉर्म भरून.

प्रशिक्षण शहराच्या मध्यभागी एका हॉटेलात होतं, कामाच्या दिवशी सकाळी दहाला, जिथे गाडी लावायला जागा नाही. मिस ओझेला मला घेऊन गेल्या, कारण सत्तावीस वर्षं बस चालवलेल्या बाईनं उरलेल्या आयुष्यात स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. उपक्रमाची समन्वयक टेसा लिंडक्विस्ट नावाची एक गोड मुलगी होती. ती पडद्यावर आकडे दाखवत होती. कॉलेजची डिग्री घेतलेल्या काळ्या बाईचं बाळंतपणसुद्धा शाळा अर्धवट सोडलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त धोक्याचं असतं, असं एका तक्त्यात होतं.

मिस ओझेलांनी हात वर केला. "एक विचारू?"

"अवश्य. इथं प्रत्येकीचा आवाज मोलाचा आहे," टेसा म्हणाली आणि तिनं घड्याळात बघितलं.

"म्हणजे डिग्री असली तरी उपयोग नाही."

"दुर्दैवानं, नाही."

"मग गेली चार वर्षं मी तो स्वेटशर्ट कशाला धुतेय?"

टेसाला काही कळलं नाही, पण ऐकून घ्यायचं तिला शिकवलेलं होतं. तिनं एका पिवळ्या चिकटकागदावर लिहिलं, 'कपडे धुण्याची सोय: अडचण', आणि तो भिंतीवर लावला. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोटोही काढला गेला.

प्रशिक्षणाचे कागद इतके मिळाले की पिशवीचा बंद तुटला. मिस ओझेलांनी त्यातला एकच ठेवला. धोक्याची लक्षणं: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके, हाता-तोंडावर सूज, बरगडीखाली कळ. तो त्यांनी फ्रिजवर मासळीच्या आकाराच्या चुंबकाखाली लावला. "हा एक कामाचा आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यात मला माझ्याबद्दलच सांगितलंय."

खरं काम चर्चच्या तळघरात चालायचं, दर मंगळवारी दुपारी. तिथं तालीम असायची. मी नाटक शिकून आले होते आणि आमच्या शहरात नाटक शिकलेल्या काळ्या मुलीला जेवढं काम असतं तेवढं मला होतं, म्हणजे मंगळवार मोकळा होता. मिस ओझेलांनी मला नर्सची भूमिका दिली. समोर घडीच्या खुर्चीवर एखादी पोटुशी पोरगी, तिच्यापुढे मी हातात जुना कीबोर्ड घेऊन, आणि बाजूला मिस ओझेला पाटी घेऊन.

"पोरी, तू नर्स आहेस," त्यांनी मला पहिल्याच दिवशी झापलं. "तिच्याकडे बघतेस कशाला? कीबोर्डकडे बघ."

आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी मायेशा एलरी. वय चोवीस, पहिलटकरीण, सुपरमार्केटमधल्या बेकरीत केकवर नावं लिहायची. तिचा क्विंटन एका गोदामात ट्रक भरायचा. लग्न उन्हाळ्यात होतं, अर्थातच.

"एक ते दहामध्ये किती दुखतंय?" मी कीबोर्डकडे बघत विचारलं.

"आठ," मायेशा म्हणाली.

पाटी वर गेली.

"आठ म्हणजे तमाशा," मिस ओझेला म्हणाल्या. "आठ म्हणालीस की ती मनात म्हणणार, आली औषधांसाठी."

"पण दुखत असलं तर, मिस ओझेला?"

"दुखू दे. तू चार सांग. चारला लोक ऐकून घेतात. पाचच्या पुढे त्यांना तुझा संशय यायला लागतो. आणि हस जरा. दात नको, नुसते ओठ. हां. आता बोल."

"चार, मॅम. म्हणजे थोडंसंच. तुम्ही कामात आहात, पण जरा बघाल का?"

पाटी खाली आली. "बघा," मिस ओझेला बाकीच्यांना म्हणाल्या. "याला म्हणतात बोलणं."

मला ते तेव्हा विनोदी वाटायचं. नंतर माझ्या आईनं मला एक गोष्ट सांगितली, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली मिस ओझेला स्वतः बाळंतपणाला गेल्या होत्या. डोकं फुटत होतं. त्यांनी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. मग त्या ओरडल्या, त्या बसमधल्या आवाजात. मग सगळ्यांनी ऐकलं. रखवालदारानं सुद्धा ऐकलं. कागदावर 'असहकार करणारी रुग्ण' असं लिहून त्यांना एका खोलीत दिवे मंद करून झोपवून ठेवलं. त्यांचं बाळ, थिओडोर, दोन दिवस जगलं.

तर निळा डबा तिथून आला होता. ओरडून पाहिलं होतं त्यांनी. म्हणून आता उलट टोकाचं शिकवत होत्या.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी मला त्यांचा फोन आला. "गाडी काढ. मायेशाचं डोकं दोन दिवसांपासून दुखतंय आणि ती मला आत्ता सांगतेय, कारण तिला मला त्रास द्यायचा नव्हता. मीच शिकवलं ना, त्रास द्यायचा नाही म्हणून."

आम्ही पोचलो तेव्हा मायेशा बाथरूममध्ये लिपस्टिक लावत होती. पस्तिसावा आठवडा. तोंड भरल्यासारखं दिसत होतं. मिस ओझेलांनी तिचा डावा हात हातात घेतला. सोमवारी हीच अंगठी इतकी सैल होती की त्यांनी आतून दोरा गुंडाळून दिला होता. आज दोरा दिसत नव्हता. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं आणि मध्ये अंगठी, पावाला आवळून दोरी बांधावी तशी.

त्या फ्रिजवरचा कागद बघायला घरी गेल्या नाहीत. त्यांना तो पाठ होता.

"ठिपके दिसतात?"

"थोडेसेच."

"चल."

"स्वेटशर्ट घालू ना? डोकं फार ठणकतंय, मिस ओझेला. तो डोक्यावरून घालायला..."

त्यांनी स्वेटशर्ट उचलला, तिच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग सवयीनं म्हणाल्या, "घाल. मी धरते."

हॉस्पिटल नव्हतं वाईट. काचेचं, स्वच्छ, दारात पियानो. भिंतीवर सगळ्या रंगांच्या आयांचे फोटो, सगळ्या हसणाऱ्या. आम्हाला पडद्यामागच्या एका खाटेपाशी नेलं. नर्सचं नाव बेथनी. तिच्या छातीवर एक गोल बिल्ला होता: 'मी ऐकते'. सगळ्या नर्सांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. प्रशिक्षण झालं की बिल्ला.

"काय होतंय स्वीटी?" बेथनी कीबोर्डकडे बघत म्हणाली. माझी भूमिका मी किती अचूक करत होते, हे मला तिथे कळलं.

मायेशा हसली. दात नाही, नुसते ओठ. "जरा डोकं दुखतंय, मॅम. तुम्ही कामात आहात, मला कळतं."

"एक ते दहामध्ये?"

"चार. तीनही म्हणता येईल."

मी मिस ओझेलांकडे पाहिलं. त्या अंगठीकडे बघत होत्या.

बेथनीनं रक्तदाब घेतला. "एकशे सेहेचाळीस, ब्याण्णव. थोडासा वर आहे. बाहेरून चालत आलात ना, थंडीतनं. घाबरलाही असाल. पहिलं आहे, होतं असं." तिनं पट्टा काढला. "तुम्ही मात्र छान सांभाळताय हं. सगळ्या अशा असत्या तर आमचं काम किती सोपं झालं असतं."

मायेशाचा चेहरा शाबासकीनं उजळला. केकवर नाव नीट आलं की तिचा होतो तसा.

"डोकेदुखीची गोळी घ्या, भरपूर पाणी प्या, पाय वर ठेवा. मंगळवारची अपॉइंटमेंट आहेच तुमची."

मिस ओझेला खुर्चीत सरळ बसल्या. अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "पुन्हा एकदा मोजाल का, ताई? आणि लघवी तपासाल का? बोटं सुजलीत तिची."

"गरोदरपणात सूज येतेच, मॅम."

"सोमवारी नव्हती."

"डॉक्टरांना गरज वाटली तर ते सांगतील."

"मग डॉक्टरांना बोलवा."

"डॉक्टर सध्या गंभीर पेशंटकडे आहेत," बेथनी म्हणाली, आणि पडदा ओढून घरी जायचे कागद आणायला गेली.

मिस ओझेला मायेशाच्या कानाशी वाकल्या. "तिला खरं सांग."

"सांगितलं ना. चार."

"खरं किती?"

मायेशानं डोळे मिटले. "नऊ. पण तुम्हीच म्हणाला होतात की पाचच्या पुढे..."

मला वाटलं, त्या आता खुर्चीतून पडतात की काय. सत्तावीस वर्षं मान न वळवणाऱ्या बाईनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. इथल्या भिंतीवर कुणी हसत नव्हतं.

बेथनी कागद घेऊन आली. "ताई," मिस ओझेला म्हणाल्या, "तिला चार नाही, नऊ दुखतंय."

बेथनीनं पहिल्यांदा आमच्याकडे नीट पाहिलं. आत्तापर्यंत तिच्या डोळ्यांत होतं ते प्रेम म्हणू या. ते गेलं आणि दुसरं काहीतरी आलं. "आत्ता चार होतं."

"तेव्हा ती सभ्यपणानं बोलत होती."

"पेशंटनी स्वतः चार सांगितलंय. चार्टवर चार आहे." ती मायेशाकडे वळली. "स्वीटी, तुला काही विशिष्ट औषध हवंय का?"

ज्या संशयाला घाबरून आम्ही इतक्या तालमी केल्या, तो चार म्हणूनही आलाच.

मिस ओझेला उभ्या राहिल्या. मी त्यांना ओळखते, आवाज कुठून निघणार ते मला माहीत होतं, खालून, पोटातून, मागच्या काचेवर आपटणारा. पडद्याच्या फटीतून मला कॉरिडॉरमधला रखवालदार दिसत होता. तो भिंतीला टेकला होता, तो सरळ झाला. मिस ओझेलांनाही दिसला. आत्ता ओरडलं की आम्ही दोघी दोन मिनिटांत बाहेर, पियानोपाशी. मायेशा एकटी खाटेवर, आणि कागदावर तेच जुने तीन शब्द.

त्या परत बसल्या.

"इथं सही करा," बेथनी म्हणाली. मायेशानं पेन घेतलं. बोटं मिटेनात. पेन गादीवर पडलं, मग जमिनीवर. ते उचलायला मी वाकले, आणि वरून मला मिस ओझेलांचा आवाज ऐकू आला. पूर्णपणे वेगळा. थंड, नाकातला, चर्चच्या हिशेबतपासनिसाला शोभणारा. इतकी वर्षं मला वाटत होतं की नाटक मी शिकलेय.

"आणि अंगठीचं काय करायचं?"

"कुठली अंगठी?"

"ही. रुतलीय, निघत नाही. कापावी लागेल. माझ्या आजीची आहे, एकोणीसशे एकवीस सालची. विमा आहे तिचा. तुम्ही पोरीला घरी पाठवताय तर पाठवा, त्यातलं मला काय कळतं. पण अंगठी इथं असताना रुतली, हे तुम्ही बघितलंत. तिला काही झालं तर मला नावं लागतील. कुणी बघितली, कुणी घरी पाठवली, सगळी. आडनावं सुद्धा."

बेथनीची बोटं कीबोर्डवर थांबली. त्या दुपारी पहिल्यांदाच.

"किमती आहे?"

"माझ्या तोंडून किंमत नको. वकिलाला विचारा."

"अहो, आधी सांगायचं ना मॅम," बेथनी म्हणाली. तिच्या आवाजात कळकळ होती, खरीखुरी. "अंगठी कापायची तर वेगळा फॉर्म आहे. वरिष्ठ नर्सला बोलवावं लागतं. डॉक्टरांनी येऊन बघून सही करायची असते."

"बोलवा ना. आम्हाला कुठे घाई आहे? घरीच तर जायचंय."

चार मिनिटं लागली. मी मोजली. वरिष्ठ नर्स आली. फॉर्म आला, तीन प्रतींचा. नुकसानभरपाईच्या दाव्यांचं बघणाऱ्या विभागातून एक गृहस्थ आले, त्यांनी अंगठीचा फोटो काढला, वरून, बाजूनं. आणि गंभीर पेशंटकडे असलेले डॉक्टर हॉलवर्सन आले, चष्मा कपाळावर, हातात कॉफी.

"कुठाय ती अंगठी?" त्यांनी मायेशाचा हात हातात घेतला.

आणि मग ते अंगठीकडे बघायचं विसरले. त्यांनी हाताच्या पाठीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा. त्यांनी पायावरची चादर बाजूला केली, नडगीवर दाबलं. तिथेही. कॉफीचा कप त्यांनी दाव्यांच्या गृहस्थांच्या हातात दिला.

"डोकं दुखतंय?"

मायेशानं मिस ओझेलांकडे पाहिलं. पुढचं वाक्य विसरलेली नटी विंगेत बघते, तशी.

"पाठ केलेलं सोड बाळा," मिस ओझेला म्हणाल्या. "मी चुकीचं पाठ करून घेतलं. आता जे आहे ते सांग."

"नऊ," मायेशा म्हणाली, आणि तिचे ओठ हसायचे थांबले. "मंगळवारपासून. डोळ्यांपुढे ठिपके, खूप. आणि इथं, बरगडीखाली, कुणीतरी मूठ घालून पिळल्यासारखं. मला मरायचं नाहीये, मिस ओझेला."

"नाही मरत. मोज रे बाळा आता," मिस ओझेला डॉक्टरांना म्हणाल्या, आणि ते त्यांच्याच बसमधून शाळेत गेल्यासारखे वाकून पट्टा बांधायला लागले.

एकशे बाहत्तर, एकशे चौदा.

त्यानंतर कुणी कीबोर्डकडे बघितलं नाही. खाटेचे कठडे वर झाले, चाकं सुटली, कुणीतरी शिरेत सुई घातली, कुणीतरी वरच्या मजल्यावर फोन केला. खाट हलायच्या आधी डॉक्टरांनी ती अंगठीही कापली, छोट्या चाकाच्या कातरीनं. ती चॉकलेटच्या कागदासारखी सहज तुटली. त्यांनी तुकडा वर धरून पाहिला. आतून हिरवा होता. दोरा लोंबत होता.

"आजीची?" त्यांनी विचारलं.

"आजी गरीब होती," मिस ओझेला म्हणाल्या.

मुलगी साडेचार वाजता जन्मली, पोट उघडून. दोन किलो आणि वर थोडी. मायेशाला झटके येऊ नयेत म्हणून एक दिवस शिरेतून औषध चालू होतं. ती म्हणे, आतून भट्टी पेटल्यासारखं वाटत होतं. मुलगी अकरा दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि मग शिंकून, लाथा मारून बाहेर आली. नाव ठेवलं एडिथ. ओझेला ठेवणार होते, पण मिस ओझेलांनी मनाई केली. "पोरीला शाळेत जायचंय पुढे," त्या म्हणाल्या. क्विंटननं त्यांच्यासाठी आमच्या शहरात दर शुक्रवारी तळतात तो मासा आणला, सहा जणांना पुरेल इतका, आणि तो काही न बोलता टेबलावर ठेवून त्यांच्या स्वयंपाकघरात रडला.

मग कागदपत्रं सुरू झाली. उपक्रमाच्या फॉर्मवर विचारलं होतं: 'जन्मसखीने कोणती सेवा दिली?' पर्याय होते स्तनपानाचा सल्ला, बाळाला सुरक्षित झोपवण्याची माहिती, वाहतूक, इतर. 'इतर'पुढे अर्धा इंच जागा होती. मिस ओझेलांनी त्या अर्ध्या इंचाकडे बराच वेळ बघितलं आणि 'वाहतूक'वर खूण केली.

"मी गाडी चालवली होती," मी म्हणाले.

"मग तुझी खूण कर."

टेसाचा फोन आला. तिला फार आनंद झाला होता. हॉस्पिटलच्या पत्रिकेत छापून आलं होतं की कर्मचाऱ्यांच्या एकदिवसीय प्रशिक्षणामुळे एका मातेची धोक्याची लक्षणं वेळेत ओळखली गेली. सोबत बेथनीचा फोटो, बिल्ल्यासकट. "हे आपल्या सगळ्यांचं यश आहे," टेसा म्हणाली. "मात्र टप्पा तीनसाठी अनुदान मिळवायचं तर तुमच्या कामाचा परिणाम आकड्यात दाखवावा लागेल. काही मोजता येण्यासारखं आहे का?"

"बोटाचा घेर," मिस ओझेला म्हणाल्या.

टेसानं ते लिहून घेतलं असणार.

आणि महिन्याभरानं पत्र आलं. जाड कागद, वर हॉस्पिटलचं चिन्ह, खाली तीन सह्या. मिस ओझेलांनी ते मंगळवारी तळघरात आणलं आणि मला उभं करून वाचायला लावलं, नर्सच्या आवाजात.

"'आपल्या कुटुंबाच्या मौल्यवान आणि भावनिकदृष्ट्या अमूल्य अशा दागिन्यास आमच्याकडून झालेल्या हानीबद्दल आम्ही मनःपूर्वक क्षमा मागतो. आपल्याला झालेल्या मनस्तापाची आम्हास पूर्ण जाणीव आहे. असा प्रसंग पुन्हा कोणावरही येऊ नये यासाठी कार्यपद्धतीत बदल करण्यात येत आहे.'"

 मायेशा मागच्या रांगेत एडिथला खांद्यावर थोपटत होती.

"आणि डोकेदुखीबद्दल?" तिनं विचारलं.

मी पत्र उलटं करून पाहिलं. मागे कोरं होतं.

"आता ऐका," मिस ओझेला म्हणाल्या. खुर्चीत त्यांना नीट बसता येत नव्हतं, हे मला दिसत होतं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती आणि सुरुवात चौदा पोरींसमोर करायची होती. "मी तुम्हाला चार म्हणायला शिकवलं. ते चूक होतं. त्याच्या आधी मी स्वतः ओरडून बघितलं होतं, तेही चाललं नव्हतं. म्हणून मला वाटलं, उलटं चालेल. मायेशा माझं ऐकून मरायला निघाली होती, तीसुद्धा हसत. तर आता नियम बदललेत. कुणी विचारलं तर सांगा, टप्पा तीन आहे."

नवे नियम असे. नऊ असेल तर नऊ. हसायचं नाही. स्वेटशर्ट गोधडीत गेला. अंगठी मात्र राहिली, पण आता ती लग्नासाठी नव्हती. डब्यातून सैल अंगठी कुणालाच मिळेना. बोटावर सहज फिरेल पण घरंगळणार नाही, अशीच मिळायची. दर सोमवारी मिस ओझेला घरोघर जाऊन ती स्वतः फिरवून बघायच्या. फिरली नाही की मला फोन.

त्या दिवशी खुर्चीवर शरीस नावाची नवी पोरगी होती, सातव्या महिन्यातली, लाजरी. मी कीबोर्ड मांडीवर घेतला.

"काय होतंय स्वीटी?"

"डोकं दुखतंय, मॅम."

"एक ते दहामध्ये?"

"नऊ," शरीस म्हणाली आणि हसली.

पाटी वर गेली. "तोंड," मिस ओझेला म्हणाल्या. "पुन्हा."

"नऊ." या वेळी हसू नव्हतं.

"चेहऱ्यावरून तसं वाटत नाही," मी म्हणाले. माझी भूमिका मी सोडली नव्हती. "पाणी प्या. मंगळवारी या."

शरीस गोंधळली. तिनं मिस ओझेलांकडे पाहिलं. मागून मायेशानंच सांगितलं, एडिथ उठू नये म्हणून हळू आवाजात.

"आता अंगठी दाखव."

शरीसनं हात पुढे केला. मी टाईप करायचं थांबवलं आणि तिच्याकडे बघितलं.